सही कारकुनाची, हुकूम कोणाचा?

बाराशेहून अधिक खाती, आणि एकालाही पॅन नाही! अर्ज भरले शाखेतल्या कर्मचाऱ्यांनी. अर्जावरच्या सह्या केल्या त्याच कर्मचाऱ्यांनी. अंगठे उठवले तेही त्यांनीच. मग त्या खात्यांत रोख रक्कम पडू लागली, तीही कशी? बरोबर १ लाख ९० हजारांच्या मापाने. दोन लाखांच्या वर रोख गेली की पॅन मागावा लागे, म्हणून त्या रेषेच्या दहा हजार अलीकडे हात थांबायचा. असे ५३ कोटी ७२ लाख रुपये जमले आणि त्याच शाखेत त्यांच्या मुदत ठेवी झाल्या. ज्यांच्या नावाने हा सारा कारखाना चालला होता, त्यांच्यापैकी काही जणांच्या दारात आयकर खात्याची माणसं जाऊन उभी राहिली, तेव्हा त्यांनी कानांवर हात ठेवले. ना त्यांना खातं ठाऊक, ना ठेव ठाऊक. लखपती झाल्याची खबर लखपतीलाच नाही, असं आक्रीत या महाराष्ट्रात घडलं!

ही हकिकत आमच्या कल्पनेतली नाही. २७ ऑक्टोबर २०२१ रोजी आयकर खात्याने एका सहकारी पतसंस्थेच्या मुख्यालयावर आणि एका शाखेवर छापा घातला, आणि त्यानंतर केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने जे पत्रक काढलं त्यात हा तपशील आहे. पत्रकात संस्थेचं नाव नव्हतं. ते वृत्तसंस्थांनी अधिकाऱ्यांच्या हवाल्याने दिलं : बुलढाणा अर्बन. १९८६ साली राधेश्याम चांडक यांनी उभी केलेली, बुलढाण्याच्या मातीतून निघून राज्याच्या सीमा ओलांडून गेलेली, शेतकऱ्याचं सोयाबीन गोदामात ठेवून त्याच्या पावतीवर कर्ज देणारी, जिल्ह्याच्या अभिमानाची ही संस्था. खात्याचं पत्रक म्हणजे न्यायालयाचा निवाडा नव्हे, हे आम्हाला कळतं आणि ते आम्ही पहिल्याच परिच्छेदांत सांगून टाकतो. पण जिल्ह्याचं नाव ज्या संस्थेच्या पाटीवर आहे, तिच्याविषयी असं पत्रक निघतं तेव्हा पान उलटून हवापाण्याची बातमी वाचणं आमच्याने होत नाही.

साधा भागाकार करून पाहा. पत्रकातला हिशेब धरला तर १ लाख ९० हजारांची रोख सुमारे २८०० वेळा गल्ल्यात आली असली पाहिजे. २८०० वेळा पावती फाटली. २८०० वेळा कोणीतरी नोटा मोजल्या, कोणीतरी संगणकात नोंद केली, कोणीतरी दिवसअखेर रोकड जुळवली. सातशेहून अधिक खाती तर ओळीने, एकापाठोपाठ एक उघडली, आणि सात दिवसांच्या आत त्यांत ३४ कोटी १० लाखांहून अधिक रोख पडली. हा काळ मुख्यतः ऑगस्ट २०२० ते मे २०२१ चा. म्हणजे लोक तोंडाला फडकं बांधून ऑक्सिजन शोधत होते, गावाचे आठवडी बाजार बंद होते, मजुराच्या हाताला काम नव्हतं, आणि एका शाखेत रोकडीचा पूर आला होता. शाखेत एकही माणूस नव्हता का, ज्याचा हात दोन हजार आठशे वेळांत एकदा थांबला? ‘साहेब, हा माणूस समोर नाही, मी याची सही कशी करू?’ एवढं विचारणारा एक रोखपाल, एक लिपिक, एक शिपाई त्या छपराखाली उरला नव्हता का?

आणि आता त्याच पत्रकातलं पुढचं वाक्य वाचा. संस्थेचे अध्यक्ष, व्यवस्थापकीय संचालक आणि शाखा व्यवस्थापक यांना या रोकडीचा उगम सांगता आला नाही; हे सारं एका संचालकाच्या सांगण्यावरून झालं, असं त्यांनी मान्य केलं; आणि तो संचालक धान्याचा मोठा व्यापारी आहे, असं खातं म्हणतं. इथे आमच्या लेखणीला धार चढते. सही खालच्याची, सांगणं वरच्याचं! अंगठा काउंटरवर उठला, पण त्या अंगठ्याला शाई संचालक मंडळाच्या खोलीतून आली. असं असताना ज्याला त्याला ‘कर्मचाऱ्यांच्या गैरवर्तनापासून संस्थेची प्रतिष्ठा कशी वाचवावी’ याची काळजी पडली आहे. व्याख्यानं झडतात, शिबिरं भरतात, परिपत्रकं निघतात. आम्ही विचारतो, संचालकांच्या गैरवर्तनापासून कर्मचाऱ्याची प्रतिष्ठा कोण वाचवणार?

महाराष्ट्राच्या सहकारात एक ठरलेला विधी आहे. घोटाळा उघड होतो. पहिल्या दिवशी ‘असं काही घडलेलंच नाही’. दुसऱ्या दिवशी ‘विरोधकांचा डाव आहे’. तिसऱ्या दिवशी एक बळीचा बकरा सापडतो. तो बहुधा शाखाधिकारी असतो, नाहीतर रोखपाल, नाहीतर रोज सायकलवर फिरून दैनिक ठेव गोळा करणारा एजंट. त्याच्या हातात निलंबनाचा कागद पडतो, वर्तमानपत्रात छोटी जाहिरात येते की अमुक इसमाचा आमच्या संस्थेशी काडीचाही संबंध उरलेला नाही, आणि संचालक मंडळ हात झटकून सत्यनारायणाला बसतं. वीस वर्षं ज्याने संस्थेची कुलपं उघडली आणि लावली, त्याचा संबंध एका जाहिरातीने संपतो! त्याच्या हातून जे करून घेतलं, त्याचा संबंध मात्र कोणाशीच नसतो.

बुलढाणेकरांना हा विधी नवा नाही. जिल्हा मध्यवर्ती बँकेचं काय झालं ते आठवा. जोखीम धरून मोजलेल्या मालमत्तेच्या अवघे ४ टक्के भांडवल असावं, एवढीच अट होती. तेवढंही ज्यांच्याकडे नव्हतं अशा बँकांना २०१२ साली रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला. त्यांत विदर्भातल्या तीन जिल्हा बँका होत्या : नागपूर, वर्धा आणि आमची बुलढाणा. नव्या ठेवी घ्यायच्या नाहीत, असा हुकूम आला. मेहकरच्या शेतकऱ्याला पेरणीच्या तोंडावर पीककर्ज मिळेना, चिखलीच्या निवृत्त गुरुजींना स्वतःच्याच ठेवीसाठी हेलपाटे घालावे लागले. नोव्हेंबर २०१४ मध्ये केंद्र सरकारने देशातल्या अशा २३ जिल्हा बँकांसाठी २,३७५ कोटींहून अधिक रुपयांची योजना मंजूर केली, त्यांत महाराष्ट्रातल्या याच तीन बँका होत्या. म्हणजे जनतेच्या करातून जनतेचीच बँक पुन्हा उभी करावी लागली. आता सांगा, ही बँक कोणत्या शिपायाने बुडवली? कोणत्या कारकुनाच्या सहीने कोट्यवधींची कर्जं थकली? कर्ज मंजूर करणाऱ्या ठरावावर कारकुनाची सही नसते हो! तिथे ‘सर्वानुमते’ असं लिहिलेलं असतं आणि खाली ज्यांच्या सह्या असतात ते पुढे निवडणुकीला उभे राहतात.

पण म्हणून खालच्या माणसाला आम्ही ओवाळून सोडणार नाही. ‘साहेबांनी सांगितलं, आम्ही केलं’ हा बचाव आम्हाला मान्य नाही आणि कायद्यालाही मान्य नाही. परक्याच्या नावाने सही करणारा हात गुन्हेगाराचाच. पोटाचा प्रश्न खरा असेल. पण ज्याच्या नावाने तू अंगठा उठवलास त्यालाही पोट आहे, त्याच्या दारात उद्या नोटीस घेऊन माणूस उभा राहणार आहे. याच जिल्ह्यातली आणखी दोन उदाहरणं घ्या. ३ मार्च २०२३. बारावीचा गणिताचा पेपर. परीक्षा सुरू होण्याआधीच सिंदखेड राजा तालुक्यातून प्रश्नपत्रिकेची पानं मोबाइलवर फिरू लागली. राज्यभर जिल्ह्याचं नाव झालं, आणि अटक झालेल्यांत कोण निघाले? शिक्षक! ज्यांनी मुलांना प्रमेय शिकवायचं त्यांनी पेपर फोडायला शिकवलं. जिजाऊच्या जन्मगावाचा तालुका आणि त्याची ओळख काय व्हावी? पेपरफुटी! इथे वरून कोणाचा हुकूम होता की नव्हता, याची चौकशी पोलिसांनी करावी. पण खडू धरणारा हात विकला गेला, हे सत्य कोणत्याही हुकमाने धुऊन निघत नाही.

त्यानंतर चारच महिन्यांनी, १ जुलै २०२३ च्या मध्यरात्री, त्याच सिंदखेड राजाजवळ समृद्धी महामार्गावर नागपूरहून पुण्याकडे निघालेली एक खासगी बस उलटली आणि पेटली. २५ माणसं आत जळून गेली. सकाळी काय सांगण्यात आलं? टायर फुटलं. परिवहन खात्याच्या पाहणीत टायर फुटल्याच्या खुणा मिळाल्या नाहीत. पुढे प्रयोगशाळेच्या अहवालात चालकाच्या रक्तात मद्यांश आढळल्याच्या बातम्या आल्या. न्यायालय काय ठरवायचं ते ठरवील. आमचा प्रश्न साधा आहे. रात्रभर सहाशे-सातशे किलोमीटर गाडी हाकणाऱ्या माणसाचं तोंड निघण्याआधी कोणी हुंगलं होतं का? त्याला झोप मिळाली होती का, हे कोणी विचारलं होतं का? तिकिटाचे पैसे मोजायला ऑफिसात माणूस होता. माणसं मोजून परत आणायला कोणीच नव्हता! आणि अपघातानंतर सर्वांत आधी बाहेर आली ती टायरची थाप. राख थंड व्हायच्या आत सबब तयार!

हीच ती सवय, जिच्याविरुद्ध आज आम्ही हा आसूड उचलला आहे. गैरवर्तनाने संस्था जखमी होते. मरते ती लपवाछपवीने. एखाद्या कर्मचाऱ्याने पैसे खाल्ले, एखाद्या साहेबाने हाताखालच्या मुलीवर हात टाकला, एखाद्या एजंटाने विधवेची ठेव गिळली, की पहिला प्रश्न कोणता विचारला जातो? ‘बाहेर कोणाला कळलं का?’ गुन्हा झाला याचं दुःख नाही, बोभाटा झाला याचं दुःख! मग ‘घरातली भांडणं घरात’ या नावाखाली चौकशी गुंडाळली जाते. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे, दहा माणसं कामाला असतील तिथे अंतर्गत समिती हवीच, असं तो सांगतो. जिल्ह्यातल्या किती पतसंस्थांच्या, किती कारखान्यांच्या, किती शाळांच्या भिंतीवर त्या समितीची नावं लागली आहेत, ते आमच्या वाचकांनी उद्या सकाळी स्वतः जाऊन पाहावं. नावं असतील तिथे आम्ही पाय धरू. नसतील तिथे संस्थेची अब्रू भिंतीवरच्या कॅलेंडरमागे लपली आहे, असं समजावं.

आणि भिंतीवर दुसरा एक कागद मात्र हमखास सापडतो. ‘संस्थेची प्रतिमा मलीन होईल असं वर्तन करणाऱ्यावर, समाजमाध्यमांवर मजकूर टाकणाऱ्यावर शिस्तभंगाची कारवाई केली जाईल.’ वा रे प्रतिमा! चोरावर कारवाई होईल असं कुठेच नाही. चोर दाखवणाऱ्यावर होईल! ज्या कारकुनाने ‘ही सही मी करणार नाही’ म्हटलं, त्याला आधी समजावलं जातं. मग त्याचा चहा बंद होतो. मग बदली, तीही अशी की जळगाव जामोदच्या माणसाला देऊळगाव राजाला टाकायचं. एवढ्या लांबच्या फेऱ्याने हाडं खिळखिळी झाली की तो आपणच राजीनामा देईल. तरी नाही दिला, तर दहा वर्षांपूर्वीच्या रजेचा अर्ज सापडतो, कारणे दाखवा नोटीस निघते, आणि शेवटचं ब्रह्मास्त्र : बदनामीचा दावा! आमच्या कायद्यात बदनामी हा गुन्हा आहे, हे खरं. पण त्याच कायद्यात अपवादही आहेत : लोकहितासाठी सांगितलेलं सत्य, आणि योग्य अधिकाऱ्याकडे प्रामाणिकपणे केलेली तक्रार. नोटीस पाठवणारे वकील हे अपवाद वाचत नाहीत असं नव्हे. ज्याला नोटीस येते त्याच्याकडे वकील करायला पैसे नसतात, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

सरकारचं काय? गैरप्रकार उघड करणाऱ्यांना संरक्षण देणारा कायदा संसदेने २०१४ साली केला. राष्ट्रपतींची सही झाली. तो अजून अंमलात आलेला नाही! आणि आला असता तरी तो सरकारी कारभारापुरताच. कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना तक्रारीची यंत्रणा उभारायला लावलं आहे. पण खेड्यापाड्यातली पतसंस्था ही कंपनी नव्हे. म्हणजे ज्या सहकारात सामान्य माणसाची पै-पै आहे, नेमका तिथला कारकून उघड्यावर आहे. छत्री आहे ती बंगल्यातल्याला. ज्याच्या डोक्यावर पाऊस पडतो त्याला नाही.

कोणी म्हणेल, तुम्ही फार मोठ्या गोष्टी करता, एका कारकुनाने ‘नाही’ म्हटल्याने काय होतं? काय होतं ते मुंबईच्या ब्रॅडी हाउसला जाऊन विचारा. पंजाब नॅशनल बँकेच्या त्या शाखेतून हमीपत्रं बिनबोभाट निघत होती. ती देणारा अधिकारी २०१७ मध्ये निवृत्त झाला. जानेवारी २०१८ मध्ये हिरेव्यापाऱ्याची माणसं नवं हमीपत्र मागायला आली, तेव्हा नव्या अधिकाऱ्यांनी नियमाप्रमाणे शंभर टक्के रक्कम तारण मागितली. ‘आजवर कधी लागली नाही’ असं उत्तर आलं. आजवर कशी लागली नाही, म्हणून वह्या उघडल्या गेल्या, आणि १३ हजार कोटींहून मोठं भगदाड दिसलं. लेखापरीक्षकांना वर्षानुवर्षं जे दिसलं नाही, ते नियमाने विचारलेल्या एका प्रश्नाने दाखवलं. हाच प्रश्न सहा वर्षं आधी विचारला गेला असता तर?

आणि ‘नाही’ म्हणणाऱ्याला चिरडलं की काय होतं, त्याचा दाखला साता समुद्रापलीकडे आहे. अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेत गिराइकांच्या नकळत त्यांच्या नावाने लाखो खाती उघडली गेली. बुलढाण्याच्या वाचकाला ही चाल ओळखीची वाटेल! २०१६ मध्ये बँकेला १८ कोटी ५० लाख डॉलर दंड झाला, आणि बँकेने मोठ्या तोऱ्यात सांगितलं की आम्ही ५,३०० कर्मचाऱ्यांना घरी बसवलं आहे. पाच हजार तीनशे बकरे! पण मग पुढचं बाहेर पडलं. दर कर्मचाऱ्यामागे रोजचं लक्ष्य ठरवून दिलेलं, ते गाठलं नाही की नोकरी जाणार; आणि ज्यांनी आतून तक्रार केली त्यांनाच हाकललं गेलं. २०१७ मध्ये अमेरिकेच्या कामगार खात्याने अशा एका व्यवस्थापकाला परत कामावर घ्या आणि ५४ लाख डॉलर द्या, असा हुकूम केला. अध्यक्षाला तर २०१६ मध्येच खुर्ची सोडावी लागली होती. २०२० मध्ये आणखी ३०० कोटी डॉलर मोजून बँकेने सरकारशी तडजोड केली. त्या एका व्यवस्थापकाचं वेळीच ऐकलं असतं तर ते केवढ्यात पडलं असतं? एका कप कॉफीत!

अब्रू राखायची तर कशी राखावी, हे शिकायला आम्हाला अमेरिकेला जायची गरज नाही. शेगावला जावं. गजानन महाराज संस्थानात रोज हजारो माणसं येतात. तिथे चप्पल सांभाळणारा, पंगतीत वाढणारा, झाडू मारणारा सेवेकरी प्रत्येकाला ‘माउली’ म्हणून हाक मारतो. कोणी चार आण्यांची चिरीमिरी द्यायला गेला तर हात जोडतो. हे परिपत्रकाने झालं का? संस्थानचा कारभार ज्यांनी अर्धशतक वाहिला ते शिवशंकरभाऊ पाटील, ४ ऑगस्ट २०२१ रोजी गेले. ते संस्थानचं पाणीसुद्धा घेत नसत, असं शेगावात आजही सांगतात. वरचा माणूस पाणी घेत नाही म्हणून खालचा माणूस पैसा घेत नाही. एवढं सोपं आहे हे! आणि म्हणूनच एवढं अवघड. जिथे अध्यक्षाच्या घरची गाडी संस्थेच्या डिझेलवर चालते, तिथे चालकाने डबाभर डिझेल काढलं तर त्याला चोर म्हणायला कोणाची जीभ रेटेल?

शेगावहून खामगाव जवळच. खामगावला रजतनगरी म्हणतात. लांबलांबून माणसं तिथे चांदी घ्यायला येतात, ती दुकानाच्या झगमगाटासाठी येत नाहीत. तिथली चांदी खरी, या पिढ्यांच्या बोलीवर येतात. आता समजा, तिथल्या एका कारागिराने हीण मिसळलं. शहाणा सराफ काय करील? दागिना परत घेईल, पैसे परत देईल, आणि भर बाजारात सांगेल की चूक माझ्या दुकानात झाली. दोन दिवस लोक बोलतील. पण तिसऱ्या दिवशी तोच ग्राहक त्याच्याच पायरीवर येईल, कारण त्याला आता ठाऊक आहे की इथे डाग लपवत नाहीत. मूर्ख सराफ मुलामा देईल. मुलामा चार दिवाळ्या टिकतो.

आमच्या धंद्यालाही हे लागू आहे, म्हणून स्वतःच्या घरचं उदाहरण देतो. १८८१ साली ‘केसरी’ निघाला. कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर टिळक-आगरकरांच्या पत्रांनी आरोप केले. ज्या कागदांवर ते आरोप उभे होते ते बनावट निघाले. दोघांनी माफी मागितली, तरी १८८२ साली दोघांना शिक्षा झाली, आणि १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढून ते बाहेर आले. चूक मान्य केल्याने ‘केसरी’ बुडाला का? तुरुंगातून बाहेर पडलेल्या त्या दोघांना लोकांनी डोक्यावर घेतलं. ‘बातमी बातमीदाराने आणली, आमचा संबंध नाही’ असं म्हणून एखाद्या गरीब बातमीदाराला त्यांनी पुढे ढकललं असतं, तर ‘केसरी’ त्याच वर्षी रद्दीत गेला असता आणि कोणी हळहळलंही नसतं. आपल्या पत्राखाली जे छापलं जातं त्याची जबाबदारी संपादकाची. आपल्या पाटीखाली जे घडतं त्याची जबाबदारी संचालकाची. यात वाद घालायला जागा नाही.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. पहिली : गैरप्रकारात कर्मचारी निलंबित झाला की त्याच दिवशी, त्याच कागदात, हे काम त्याने कोणाच्या सांगण्यावरून केलं याची चौकशी कोण करणार त्याचं नाव लिहिलं जावं, आणि ते नाव संचालकाच्या मेव्हण्याचं नसावं. दुसरी : ‘नाही’ म्हणणाऱ्या कर्मचाऱ्याची बदली त्याच्या तक्रारीचा निकाल लागेपर्यंत करता येणार नाही, असं कलम प्रत्येक संस्थेने आपल्या पोटनियमांत घालावं; सरकारच्या कायद्याची वाट पाहू नये, ती फार लांबची वाट आहे. तिसरी : ज्या संचालकाच्या व्यवसायाचा पैसा संस्थेत फिरतो, त्याची यादी आमसभेपुढे ठेवावी. चौथी : संस्थेचं नुकसान झालं तर ते भरून देण्याची जबाबदारी संचालकांवर टाकणारं कलम ८८ राज्याच्या सहकार कायद्यात आहे, ते कपाटातून काढून वापरावं. आणि पाचवी : चूक झाली की संस्थेने ती स्वतः, पहिल्यांदा, आपल्या तोंडाने सांगावी. आयकर खात्याच्या पत्रकातून सभासदाला कळणं, ही खरी बदनामी!

संचालकहो, तुम्हाला अब्रूची एवढी चाड असेल, तर पहारा खालच्या मजल्यावर नव्हे, आपल्या खोलीच्या दारात बसवा. कर्मचारी मित्रहो, तुमच्या बोटाला लागलेली शाई तुमची आहे. हुकूम देणारा उद्या ओळख दाखवणार नाही. न्यायालयात तुमच्या सहीची तज्ज्ञाकडून तपासणी होईल, त्याच्या बोलण्याची होणार नाही. म्हणून तोंडी हुकूम आला की तो लेखी मागा. जो हुकूम लेखी देता येत नाही तो पाळण्याच्या लायकीचा नसतो.

आणि सभासदहो, शेवटचा जाब तुम्हाला. संस्था तुमची आहे. दरवर्षी ३० सप्टेंबरच्या आत आमसभा होते. तुम्ही जाता, अहवालाच्या चकचकीत मुखपृष्ठावरचा फोटो पाहता, पहिला विषय वाचून व्हायच्या आत मागून ‘मंजूर, मंजूर’ असा गजर होतो, तुम्हीही हात वर करता, आणि जेवणाच्या रांगेत उभे राहता. बाराशे लोकांच्या नावाने बाराशे सह्या होतात, कारण तुम्ही वर्षानुवर्षं न वाचता हात वर करून त्या सहीची सवय लावली आहे! यंदा एवढंच करा. ‘आयत्या वेळचे विषय’ आले की उभे राहा आणि माइक मागा. माइक देणार नाहीत. मग मोठ्याने विचारा : ‘गेल्या वर्षी या संस्थेत कोणत्या कर्मचाऱ्याने चुकीच्या कागदावर सही करायला नकार दिला, आणि तो माणूस आज कुठे काम करतो?’ उत्तर मिळालं नाही तर समजून जा, तुमची ठेव कोणाच्या भरवशावर पडली आहे ते. आणि उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका.